मुरुमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर : सव्वा वर्षानंतरचा अनुभव

मुरुमांनी गालांवर मागे ठेवलेल्या खड्ड्यांसाठी मी नागपुरात फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरचे उपचार सुरू केले, त्याला आता सव्वा वर्ष झाले असून शेवटच्या सिटिंगलाही सहा महिने उलटून गेले आहेत. खड्डे उथळ झाले आहेत. नाहीसे झालेले नाहीत. मधल्या काळात उजव्या गालावर काळेपणा पसरला आणि काही महिने तो मूळ खड्ड्यांपेक्षा अधिक ठळक दिसत होता. या उपचाराची चर्चा बहुतेक वेळा खड्डा किती भरला एवढ्यावरच होते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या माणसाला मात्र खोलीइतकाच, किंबहुना थोडा अधिक, विचार रंगाचा करावा लागतो, असे माझे मत या अनुभवातून बनले आहे.

हे लेझर काय करते ते आधी नीट समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातात. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर असते आणि हा प्रकाश त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो. त्यामुळे जिथे किरण पडतो तिथली पेशी क्षणार्धात वाफ होऊन उडून जाते आणि आजूबाजूच्या थोड्या भागाला उष्णता लागते. 1990च्या दशकात याच लेझरने चेहऱ्याचा वरचा थर सलग काढत असत, परंतु त्या पद्धतीत जखम भरायला आठवडे लागत, लाली महिनोन्महिने टिकत आणि काहींच्या त्वचेचा रंग कायमचा फिकट पडत असे. 2004 मध्ये फ्रॅक्शनल तत्त्व पुढे आले. त्यात किरण सूक्ष्म ठिपक्यांच्या जाळीने पडतो, ठिपक्यांच्या मधली त्वचा शाबूत राहते, आणि त्या शाबूत त्वचेच्या आधाराने जखम आठवड्याभरात भरून येते. खोलवर लागलेल्या उष्णतेमुळे नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार होऊ लागते आणि हे काम पुढे अनेक महिने चालू राहते. जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट म्हणजे हे लेझर 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित करणारे सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

यातली महत्त्वाची बाब अशी की हे लेझर त्वचेतील रंगद्रव्याला लक्ष्य करीत नाही. काळेपणा येतो तो जखम आणि उष्णतेमुळे होणाऱ्या दाहातून. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी त्या दाहाने चेकाळतात. त्वचेच्या गोऱ्या-सावळ्या रंगानुसार केलेल्या फिट्झपॅट्रिक यांच्या सहा प्रकारांच्या वर्गीकरणात भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडते, आणि या प्रकारांत दाहानंतरच्या काळेपणाचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा स्पष्टपणे अधिक असतो. त्यामुळे परदेशी गोऱ्या चेहऱ्यांची आधीची-नंतरची छायाचित्रे पाहून आपल्या चेहऱ्याबद्दल अनुमान काढण्यात फारसा अर्थ नाही.

पहिल्या भेटीत त्वचारोगतज्ज्ञांनी यंत्राचे नावही काढले नाही. आधी त्यांनी खड्ड्यांचे प्रकार वेगळे केले, आणि आज मागे वळून पाहता ती भेट सर्वांत मोलाची ठरली असे वाटते. अरुंद तोंडाचे, सुईने टोचल्यासारखे खोल छिद्र म्हणजे आइसपिक. उभ्या कडांचे, सपाट तळाचे ते बॉक्सकार. आणि खालच्या तंतूंनी त्वचा आत ओढल्यामुळे दिसणारे पसरट, लाटांसारखे ते रोलिंग. माझ्या गालांवर तिन्ही होते. फ्रॅक्शनल लेझरचा चांगला उपयोग उथळ बॉक्सकार आणि सौम्य रोलिंग खड्ड्यांना होतो. आइसपिकच्या तळापर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही, तर खोल रोलिंग खड्ड्यांचे तंतू आधी सुईने सोडवावे लागतात, ज्याला सबसिजन म्हणतात. खड्ड्यांची तीव्रता ठरवण्याच्या गुडमन आणि बॅरन यांच्या चार पातळ्यांच्या पद्धतीतली एक कसोटी घरीही करून पाहता येते : सुमारे 50 सेंटिमीटर अंतरावरून खड्डे जाणवतात का, आणि बोटांनी त्वचा ताणल्यावर ते सपाट होतात का. ताणूनही जे सपाट होत नाहीत, त्यांच्याकडून केवळ लेझरने फार अपेक्षा ठेवू नये, असे मला स्पष्ट सांगण्यात आले होते आणि ते तंतोतंत खरे ठरले.

सुरुवात डिसेंबरात केली, कारण नागपूरचा उन्हाळा फेब्रुवारीच्या अखेरीसच डोके वर काढतो. नवे मुरूम येणे पूर्ण थांबलेले असावे, ही पूर्वअट होती. ओठांवर वारंवार ताप उतरल्याचे फोड येतात का, जखमेचा व्रण वाढून जाड गाठ होण्याची प्रवृत्ती आहे का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या, असे प्रश्न विचारले गेले. मला पूर्वी ओठांवर फोड येत असल्याने विषाणुरोधक गोळ्या आधीच सुरू झाल्या. या फोडांचा विषाणू लेझरच्या उघड्या जखमेत पसरला तर त्याचे स्वतःचे व्रण राहू शकतात. हे प्रश्न न विचारता जिथे थेट तारीख दिली जाते, तिथून परत फिरावे.

प्रत्यक्ष सिटिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बधिर करणारे मलम जवळपास तासभर प्लास्टिकखाली लावून ठेवतात, डोळ्यांवर संरक्षक झाकण बसवतात आणि चेहऱ्यावर थंड हवेचा झोत सोडतात. तरीही कपाळाच्या कडेला आणि वरच्या ओठाजवळ चांगलेच चटके बसतात. जळाल्याचा वास येतो, त्याची कल्पना आधी कोणी दिलेली नसेल तर माणूस दचकतो. लेझरचे काम अर्ध्या तासाच्या आत संपते. त्यानंतरची काही तासांची आग मात्र बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडानेच सोसवते.

पहिल्या दिवशी चेहरा लाल आणि ओलसर असतो, दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज येते, आणि त्यानंतर संपूर्ण गाल तपकिरी, बारीक ठिपक्यांच्या खपल्यांनी भरून जातो, ज्यांचा स्पर्श सँडपेपरसारखा लागतो. या खपल्या आठवड्याभरात आपोआप गळतात. त्या खरवडायच्या नाहीत, चेहरा पेट्रोलियम जेलीने सतत ओलसर ठेवायचा आणि साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर वापरायचा, एवढेच काम असते, पण ते नेटाने करावे लागते. घरातल्या घरात मोठी लढाई हळदीची झाली. सासूबाईंचा हळद, साय आणि चंदनावर दृढ विश्वास आहे आणि त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु उघड्या सूक्ष्म जखमांवर स्वयंपाकघरातले काहीही लावणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण, हे त्यांना अखेर डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावे लागले.

विदर्भात दुचाकी चालवणाऱ्या बहुतेक मुली आणि बायका संपूर्ण चेहऱ्याला दुपट्टा बांधतात, आणि तो बांधला की उन्हाची चिंता मिटली असे आपण गृहीत धरतो. खपल्या असताना त्याच दुपट्ट्याचे घर्षण आणि त्याखाली साचणारा घाम दोन्ही घातक असतात, म्हणून पहिला आठवडाभर दुचाकी बंद ठेवण्याची सूचना होती. पुढेही विरळ विणीच्या सुती दुपट्ट्यातून बराच प्रकाश आत येतो. सनस्क्रीनच्या बाबतीत तर माझी समजूत मुळापासून बदलली. वेष्टनावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, हा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर मोजलेला असतो. आपण सहसा त्याच्या निम्मेही लावत नाही. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम घेणे आणि उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावणे, हा नियम पाळायचा तर ट्यूब भराभर संपते, आणि हा खर्च लेझरच्या अंदाजपत्रकात कोणीच धरत नाही. शिवाय सावळ्या त्वचेत अतिनील किरणांबरोबर दृश्य प्रकाशही काळेपणा वाढवतो, आणि त्याला अडवायचे तर लोह ऑक्साइड असलेले, किंचित रंगाची छटा असलेले सनस्क्रीन लागते.

एवढी काळजी घेऊनही जानेवारीच्या शेवटी झालेल्या दुसऱ्या सिटिंगनंतर साधारण महिनाभराने उजव्या गालावर काळपट पट्टा उमटला, आणि नीट पाहिल्यावर त्यात ठिपक्यांची जाळीही दिसत होती. त्या वेळी ठिपक्यांची घनता पहिल्या वेळेपेक्षा वाढवलेली होती. पहिल्या वेळी सर्व सुरळीत पार पडल्यामुळे डॉक्टरांना तसा भरवसा वाटला असावा, आणि मी त्यांना दोष देत नाही. मात्र यावरून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते : प्रत्येक सिटिंगची ऊर्जा आणि घनता आपल्या फाइलमध्ये लिहून घ्यावी. माझ्या फाइलमध्ये ती होती म्हणूनच पुढच्या वेळी काय बदलायचे हे ठरवता आले. सावळ्या त्वचेत घनता कमी ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाते, कारण दाट ठिपक्यांमुळे एकूण उष्णता साचते. खोली मिळवायची असेल तर ठिपके विरळ ठेवून, गरजेप्रमाणे ऊर्जा वाढवण्याचा मार्ग उपलब्ध असतो.

काळेपणावर ॲझेलाइक ॲसिड, रात्री कमी प्रमाणात ट्रेटिनॉइन आणि छटा असलेले सनस्क्रीन असा उपचार चालला. उतार फार संथ होता. उन्हाळा सरेपर्यंत फरक जाणवला नाही आणि पावसाळ्यात मात्र तो झपाट्याने फिकट झाला. या काळात हितचिंतकांनी औषधांच्या दुकानातून मिळणाऱ्या ‘गोरेपणाच्या’ मलमांची नावे सुचवली. अशा मलमांत अनेकदा स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो आणि नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम परत उसळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते चेहऱ्याला लावणे म्हणजे एका काळ्या डागासाठी सगळी त्वचा पणाला लावणे होय.

तिसरी सिटिंग मुद्दाम ऑगस्टपर्यंत पुढे ढकलली आणि ती कमी घनतेवर, फक्त गालांच्या खड्डे असलेल्या भागांपुरती केली, सोबत दोन खोल रोलिंग खड्ड्यांचे सबसिजनही झाले. या वेळी काळेपणा आला नाही. लाली मात्र सहा-सात आठवडे टिकली, आणि ऑफिसात ‘ॲलर्जी झाली का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सराव झाला.

आता फलिताबद्दल. पहिल्या महिन्यात चेहरा गुळगुळीत वाटतो तो बराचसा सुजेमुळे, आणि सूज उतरली की निराशा येते. या दोन्ही टप्प्यांवर निष्कर्ष काढू नये. मी दर वेळी त्याच खिडकीशेजारी, त्याच वेळी, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात छायाचित्रे काढून ठेवली, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात खड्डे असेही दिसत नाहीत, आणि जाहिरातींतली ‘नंतरची’ छायाचित्रे बहुधा तशाच उजेडातली असतात. त्या छायाचित्रांवरून माझा अंदाज असा की उथळ बॉक्सकार खड्डे निम्म्याच्या जवळपास भरले, सबसिजन केलेले रोलिंग खड्डे त्याहून चांगले सुधारले आणि आइसपिक जवळजवळ जसेच्या तसे आहेत. सरळ उजेडात, हातभर अंतरावरून आता काही जाणवत नाही. लिफ्टमधल्या वरून पडणाऱ्या दिव्याखाली अजूनही जाणवते.

शहरात मला सांगितले गेलेले दर एका सिटिंगला सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत होते, आणि सौंदर्योपचार म्हणून आरोग्यविम्यातून यातले काही मिळत नाही. दरांतला फरक यंत्रापेक्षा यंत्र कोण हाताळते यावर अवलंबून असावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तसे दिसले नाही. एका महागड्या ठिकाणी लेझर तंत्रज्ञ करणार होते आणि डॉक्टर फक्त सल्लामसलतीपुरते भेटणार होते. त्वचारोगशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी पाहून घ्यावी, आणि लेझर स्वतः डॉक्टरच मारणार का हे स्पष्ट विचारावे. पाच-सहा सिटिंगचे पॅकेज आगाऊ घेणे मला पटत नाही, कारण मध्येच काळेपणा आला तर थांबता आले पाहिजे, आणि पैसे भरलेले असले की थांबण्याचा निर्णय जड जातो.

माझा चेहरा पाहून माझ्या बहिणीने तिच्या वांगासाठी हेच लेझर करायचे ठरवले होते. तिला डॉक्टरांनी नकार दिला, आणि तो योग्य होता, कारण वांग हा मुळात रंगद्रव्याचाच विकार असल्याने अशा उष्ण लेझरने तो उलट गडद होऊ शकतो. लग्न दोन-तीन महिन्यांवर आलेले असेल तर खड्डे असलेल्यांनीही हा उपचार त्या मुहूर्तासाठी सुरू करू नये.

चौथ्या सिटिंगचा प्रस्ताव माझ्यासमोर होता. उरलेले खड्डे बहुतेक आइसपिक असल्याने मी तो स्वीकारला नाही. त्याऐवजी प्रत्येक छिद्राच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब टोकदार काडीने लावण्याची, क्रॉस नावाची पद्धत निवडली आहे. तिचा खर्च बराच कमी आहे, परंतु रंगाचा धोका तिथेही सुटलेला नाही, म्हणून तूर्त फक्त कानाजवळच्या दोन छिद्रांवर ती करून पाहिली आहे आणि तिथली त्वचा कशी भरते ते पाहून, पुढचा उन्हाळा टाळून, बाकीच्यांचे ठरवणार आहे.