चौकटीची वही, ठेक्याचं अ‍ॅप आणि फोनचा रेकॉर्डर: गीतलेखनाच्या सुरुवातीला किती कामाचे?

निकाल आधीच सांगून टाकतो. मराठीत गाणी लिहायला सुरुवात करणाऱ्याला या तिघांपैकी वही सगळ्यात जास्त शिकवते, अ‍ॅप त्याखालोखाल. रेकॉर्डर नसला तरी पहिले दोन महिने अडत नाही. महागड्या कोर्सचा विचार त्यानंतर करावा.

वही म्हणजे शाळेतली गणिताची, चौकटीची. कोल्हापुरात महाद्वार रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. घेताना उघडून आडव्या चौकटी मोजा. एका ओळीत निदान १६ हव्यात. मोठ्या चौकटीच्या वहीत तेवढ्या बसत नाहीत आणि मग ओळ मधेच मोडते.

वापर असा: एक चौकट म्हणजे एक मात्रा, उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप. ऱ्हस्व अक्षराला एक चौकट, दीर्घ अक्षराला दोन. अनुस्वार असलेलं अक्षर दीर्घ. जोडाक्षराचा आघात आधीच्या ज्या अक्षरावर पडतो तेही दीर्घ, म्हणून ‘सत्य’च्या तीन मात्रा. इथे नवखे हमखास गडबडतात, कारण हा नियम सगळीकडे लागत नाही. ‘तुम्ही’, ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ या शब्दांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, त्यामुळे ‘तुझ्या’ तीनच मात्रांचा. शंका आली की मोठ्याने म्हणून बघा, कान पुस्तकापेक्षा लवकर सांगतो.

नमुन्याला एक ओळ घेऊ: ‘रंकाळ्याच्या काठावरती’. आठ आणि आठ, सोळा चौकटी बरोबर भरतात. आता जोडीची ओळ. ‘फेरीवाले हाका मारती’ हे तोंडात सहज येतं, पण त्यात १७ मात्रा होतात. मग नवखा लिहितो ‘हाका करती’. मात्रा जुळल्या, यमकही ‘वरती-करती’ असं घट्ट बसलं, पण हाका कोणी करत नाही, मारतात किंवा देतात. ‘फेरीवाले हाका देती’ केलं की सोळा होतात, भाषा शाबूत राहते, यमक मात्र नुसत्या ‘ती’वर येतं. दोन्हींत निवड करायची तर सैल यमक घ्यावं. मोडकी भाषा गाणाऱ्याच्या तोंडी अडते आणि तालमीत तो ती आपल्या मनाने बदलतो. वहीचा दोषही हाच: ती मात्रा मोजते, मराठी तपासत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. सोळाच्या सोळा चौकटी भरल्या तर गायकाला दम घ्यायला जागा उरत नाही. १४ भरा, शेवटच्या दोन रिकाम्या सोडा: ‘रंकाळ्याच्या काठाशी’. शेवटचा स्वर लांबवायचा असेल तर ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ सोयीचे. वरच्या पट्टीत ‘ई’ आणि ‘ऊ’ आवळतात. ‘काठावर’सारखा शब्द शेवटी आला तर वहीत ‘र’ला चौकट मिळते, पण गाताना आवाज ‘व’वर थांबतो आणि ‘र’ कसाबसा चिकटतो. हे कागदावर दिसत नाही, ठेक्यावर म्हटल्याशिवाय कळत नाही.

त्यासाठी अ‍ॅप. तबल्याचा ठेका देणारं कुठलंही फुकटातलं चालेल, फक्त मधे जाहिरात वाजणारं नको, मोजणी तुटते. केरवा लावा: धा गे ना ती, ना क धी ना, आठ मात्रा. तालाची मात्रा आणि छंदाची मात्रा एकच समजू नका. वहीतल्या दोन चौकटी म्हणजे ठेक्याची एक मात्रा, असा हिशोब धरला की १६ चौकटींची ओळ एका आवर्तनात, म्हणजे ठेक्याच्या एका फेरीत बसते. पहिली चौकट समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, नववी ‘खाली’वर, म्हणजे पाचव्या मात्रेवर. समेवर ‘आणि’, ‘की’, ‘तर’ असले शब्द येत असतील तर ओळ फिरवा. तिथे नाम किंवा क्रियापद हवं.

गती मिनिटाला ८० मात्रा ठेवली तर एक आवर्तन सहा सेकंदांचं. यावरून गाण्याची लांबी लिहितानाच कळते. दोन ओळींचा मुखडा (ध्रुवपद) दोनदा, २४ सेकंद. चार ओळींचा अंतरा (कडवं), पहिल्या दोन ओळी दोनदा, ३६. त्यावर एकदा मुखडा, १२. असे तीन अंतरे आणि प्रत्येकाआधी चार आवर्तनं म्युझिक धरलं की बरोबर चार मिनिटं. दोनच अंतरे ठेवले तर तीन मिनिटांच्या आत. सुरुवातीला दोनच लिहा. तिसऱ्यात बहुतेक वेळा पहिल्याचंच पाणी वाढवलेलं असतं.

अ‍ॅपची मोठी उणीव आपल्याकडे लगेच जाणवते. मंडळाचं किंवा कुस्तीच्या मैदानाचं गाणं लिहायचं तर हलगी-घुमकं-कैताळ असा रांगडा वाद्यमेळ हवा, आणि अ‍ॅपमधला केरवा त्यापुढे फारच सोवळा वाटतो. कुस्तीच्या तालमीपाशी खरी हलगी वाजत असताना मिनिटभर रेकॉर्ड करून घ्यावी आणि तीच फिरवत लिहावं. रेकॉर्डरचा खरा उपयोग तिथे. एरवी ओळ गुणगुणून ठेवताना ठेका इअरफोनमध्ये ऐका, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये शब्दांपेक्षा तबलाच मोठा येतो.

फोनवर बोलून टाइप करणं मात्र टाळा. बोलीतला शब्द बऱ्याचदा भलताच उमटतो, आणि कोल्हापुरी बोली गाण्यात फार कामाची आहे. ‘करत आहे’ सात मात्रांचं, ‘करायलाय’ही सातच. जागा तेवढीच लागते, वर लांबवायला दोन ‘आ’ मिळतात. तरी माणसं छापील मराठीत का लिहितात कोण जाणे.

अभंग लिहायचा असेल तर वहीचा नियम बदला. तिथे मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची: ऱ्हस्व असो, दीर्घ असो की जोडाक्षर, एका अक्षराला एकच चौकट. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. वरची १६ चौकटींची सवय घेऊन अभंगाला बसलात तर चरण आखूड वाटतील आणि उगाच भरीचे शब्द घालाल. म्हणून अभंगाला ओळीत निदान २२ चौकटी असलेली दुसरी वही ठेवा, आणि सहाव्या, बाराव्या, अठराव्या चौकटीनंतर लाल पेनाने आधीच उभी रेघ मारून घ्या.