ऑटो एक्स्टेंशन ट्यूब, एका पावसाळ्यानंतर: पिना मेल्या, नळ्या जिवंत

‘एर ०१. कॅमेरा आणि लेन्सचा संपर्क होत नाही, काँटॅक्ट पुसा.’ कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हा मजकूर गेल्या महिन्याभरात इतक्यांदा वाचलाय की तोंडपाठ झालाय. म्हणून हे लिहायला बसलो. वस्तू कॅननच्या ईएफ माउंटसाठीचा (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन नळ्यांचा ऑटो सेट. नाव लिहीत नाही, तसंही एकाच साच्यातला माल वेगवेगळ्या नावांनी खपतो. ट्यूब कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसते, लेन्स पुढे सरकते आणि अगदी जवळची छोटी गोष्ट मोठी टिपता येते. आत काच नाही, काही नाही, पोकळ नळी.

ऑटो म्हणजे पिनांचा: कॅमेऱ्याची वीज लेन्सपर्यंत नेणारे धातूचे छोटे काँटॅक्ट. बिनपिनांचा सेट स्वस्त, पिनांचा त्याच्या चार-पाचपट. मी पिनांचा घेतला. माझी लेन्स ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, तिला अ‍ॅपर्चरची रिंगच नाही. (अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान.) इतकी वर्षं निकॉन एफएम१० वापरला, तिथे लेन्सवरची रिंग फिरवली की काम झालं. इथे अ‍ॅपर्चर उघडायचं-मिटायचं ते कॅमेऱ्याने पाठवलेल्या विजेवर. एसटीएमची तर फोकस रिंगही विजेवर चालते, करंट नसेल तर हाताने फिरवून उपयोग शून्य. म्हणजे पिना गेल्या की फोकस गेला आणि लेन्स एफ/१.८ला सताड उघडी. एकास एक मोठेपणाला (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची) एफ/८वर माझ्या छोट्या सेन्सरवर फोकसची खोली मिळते जेमतेम अर्धा मिलिमीटर. एफ/१.८ला साधारण त्याचा चौथा-पाचवा भाग. मुंगीची एक मिशी फोकसमध्ये, दुसरी धुक्यात.

पहिले काही महिने मात्र तक्रारीला जागा नव्हती. फिल्मवर मॅक्रोच्या, म्हणजे अशा अगदी जवळून काढायच्या फोटोंच्या, नादी मी कधी फारसा लागलोच नाही. छत्तीसातले तीस धूसर निघणार, ते कळणार आठवड्याने, आणि हल्ली रोल, धुलाई, स्कॅन, कुरिअर मिळून हजाराच्या वर जातात. सेकंडहँड डिजिटल बॉडी घेतली ती या हिशोबापायी. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र) दहापट मोठा करून फोकस बघता येतो, ही एक सोय मला बाकी सगळ्या मेगापिक्सेलपेक्षा मोठी वाटते.

गॅलरीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या लागल्या. आई रोज म्हणायची, ‘‘अरे, झाड संपवतायत त्या, काढून टाक आधी.’’ मी ३६ची नळी लावून समोर बसलेलो. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते आणि खांद्यावर डोळ्यांसारख्या खुणा येतात. ते डोळे नव्हेत. खरं डोकं खाली दडलेलं असतं. डिवचली की डोक्यामागून लाल दुबेळकं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. ते दुबेळकं मला हवं होतं. लेन्सचं तोंड तिच्यापासून चार बोटांवर, त्यामुळे डिवचायला वेगळी काडी लागली नाही. फोटो मिळाला, नळ्यांचे पैसे वसूल झाले असं त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं.

मग कास. मी साताऱ्याचा, त्यामुळे पठार घरचंच, पण सीझनला गर्दी नको म्हणून आडवारी जातो. सीतेची आसवे लांबून नुसती जांभळी चादर दिसते, जवळून एकेक फूल नखाएवढं. ड्रॉसेरा ही कीटक खाणारी वनस्पती त्याहून गमतीची: लाल केसांच्या टोकांवर डिंकाचे थेंब आणि एखाद्या थेंबात अडकलेला चिलट. (फुलांत लोळून सेल्फी काढणाऱ्यांविषयी इथे काही लिहीत नाही, विषय भरकटेल.) तिथे कळलं की फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जुळवून एक करणं) हा घरातला खेळ आहे. ह्यूगिन या फोटो जोडायच्या प्रोग्रामसोबत येणारं फुकटचं साधन माझ्या जुन्या लॅपटॉपवर रखडत का होईना फोटो जुळवतं, पण कासचा वारा दोन फोटोंच्या मध्ये फूल जागेवर ठेवतच नाही. तिथे फ्लॅशच हवा. कमी पॉवरवर तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटून विझतो, वारा आपोआप थांबतो. चिप्सचा उभा डबा कापून तोंडाला पॅकिंगचा पांढरा फोम लावला, डिफ्यूझर तयार. खर्च चिप्सचा, तेही मुलांनी खाल्ले.

आणि त्याच पावसात पिना गेल्या. आधी २०ची नळी. एक पिन आत दबली ती वर येईना. तीन नळ्या एकत्र लावल्या की चार जोड होतात. चारपैकी एक रुसला की संपलं. २०ची काढली, १२ आणि ३६वर काही दिवस गेले, मग ३६नेही मान टाकली. विक्रेत्याला कळवलं. ‘सर, काँटॅक्ट पुसा.’ पुसले. ‘सर, व्हिडिओ पाठवा.’ पाठवला. ‘सर, पिना वेअर अँड टेअरमध्ये येतात.’ अहो, ज्या पिनांसाठी चार-पाचपट पैसे घेतले, त्याच वॉरंटीबाहेर? नळीची वॉरंटी घेऊन काय करू, नळीला होणार काय? शेवटी ‘रिप्लेसमेंटसाठी रिक्वेस्ट टाकली आहे’ असा मेसेज आला. ती रिक्वेस्ट अजून टाकलेलीच आहे. खोडरबराने पिना घासायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. करू नका, रबराचा भुगा आत जातो. सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, पण मेलेली स्प्रिंग त्यानेही उठत नाही.

मेल्या पिनांवरचा एक तोडगा: लेन्स थेट बॉडीवर लावा, एफ/८ ठेवा, डेप्थ प्रिव्ह्यूचं (अ‍ॅपर्चर आधीच मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा. अ‍ॅपर्चरची पाती मिटलेलीच राहतात. घरी ठीक. भुरभुर पावसात सेन्सर उघडा टाकून हे कोण करणार? आणि फिल्मला प्रत्येक फ्रेमला कोरी पट्टी मिळायची. सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत येतो. मॅक्रोत तर जास्तच ठळक, कारण एकास एकला एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२सारखं वागतं, आणि छिद्र जितकं लहान तितका कण ठळक.

इथून माझं मत फिरलं. एफएम१०सोबतची जुनी ५० मिमी निक्कॉर कपाटात होती, अ‍ॅपर्चर रिंगवाली. ५२ मिमीची रिव्हर्स रिंग आणली आणि लेन्स उलटी करून त्याच मेल्या नळ्यांवर चढवली. एर ०१ नाही, काही नाही. नुसत्या बॉडीवर जवळपास एकास एक, ३६ची नळी घातली की दीडपटीच्या पुढे. धार एसटीएमपेक्षा उजवी वाटते मला. त्रास आहेत: फोकस करायला रिंग उघडा, फोटोआधी मिटवा, त्या हालचालीत फोकस सरकतो, लेन्सचा मागचा भाग पावसाकडे तोंड करून असतो, फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर शून्य दिसतं. पण यातलं काही बिघडणारं नाही.

तेव्हा अ‍ॅपर्चर रिंगची जुनी लेन्स घरात पडून असेल, तर बिनपिनांचा सेट घ्या आणि उरलेले पैसे फ्लॅशवर घाला. एसटीएमच वापरायची असेल तर पिनांवाचून इलाज नाही. मग निदान डबा उघडल्यावर प्रत्येक पिन नखाने दाबून वर येते का बघा, परत करायची मुदत संपायच्या आत. माझं रिप्लेसमेंट आलंच, तर सील न फोडता विकणार आहे. फ्लॅशला चार्जेबल सेलचा एक जोड हवाय.