टर्नटेबलचा सेट कॉम्प्युटरवर: एकच स्टिरिओ फाइल घ्यावी की प्रत्येक डेक वेगळा?

घरी दोन टर्नटेबल आहेत, मिक्सर आहे, आणि सेट कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये घ्यायचा आहे. साऊंड कार्ड कोणतं घेऊ, असं विचारण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तासाभराचा सेट ऐकणाऱ्याला गाण्यागणिक पुढे जाता यावं, एवढंच हवंय का? की डावा डेक (म्हणजे टर्नटेबल) एका ट्रॅकवर आणि उजवा दुसऱ्यावर हवाय, म्हणजे नंतर एकालाच हात लावता येईल? पहिल्यासाठी दोन इनपुटचं साधं कार्ड पुरतं. दुसऱ्यासाठी चार इनपुट लागतात, सुईचा बारीक सिग्नल वाढवणारे जास्तीचे प्रीअँप लागतात आणि जोडणीत संध्याकाळ जाते. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांची गरज पहिली असते आणि खर्च मात्र दुसऱ्याचा होतो.

रेक आउटमधून स्टिरिओ, मग तुकडे

मिक्सरच्या मागे ‘रेक आउट’ लिहिलेली आरसीए सॉकेटची जोडी असते. बहुतेक मिक्सरवर मास्टरच्या नॉबचा तिच्याशी संबंध नसतो; शेजाऱ्यांसाठी मध्येच आवाज कमी केला तरी रेकॉर्डिंग तसंच राहतं. तिथून वायर थेट यूएसबी कार्डाच्या लाइन इनपुटला. बेरिंगरच्या यूसीए२०२सारखं छोटं कार्डही चालतं. ते १६ बिटचं आहे, पण रेकॉर्डची स्वतःची खरखर इतकी असते की १६ बिट कमी पडत नाहीत. त्याला इनपुटचा नॉब नाही, म्हणून लेव्हल मिक्सरवरच्या चॅनलच्या गेन नॉबनेच सांभाळायची. २४ बिटचं कार्ड असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा आणि निर्धास्त वाजवा. मिक्सरचे लाल दिवे लागत असतील, तर कॉम्प्युटरवर लेव्हल कमी दिसली तरी आवाज आधीच फाटलेला असतो.

लॅपटॉपला हेडसेटसाठी जे एकच भोक असतं, त्यात ही वायर घालू नका. तिथलं माइक इनपुट मोनो असतं आणि लाइन लेव्हल त्याला झेपत नाही.

आता तुकडे. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये सेट परत ऐकताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी लेबल पडतं. त्याला गाण्याचं नाव द्या आणि शेवटी लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइल एक्सपोर्ट करा. काम सोपं आहे. विचार करावा लागतो तो लेबल कुठे टाकायचं याचा. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ बीट) दोन गाण्यांचं ३२ बारांचं (चार बीटचा एक बार) मिक्स बरोबर एक मिनिट चालतं. या मिनिटात दुसरं गाणं नक्की कुठे सुरू झालं? फेडर हलला तिथे म्हणाल तर पुढच्या ट्रॅकची सुरुवात जवळजवळ सगळी आधीच्याच गाण्याची असते. मी बेसची अदलाबदल होते तिथे कापतो: एका चॅनलचा लो (बेसचा नॉब) खाली येतो, दुसऱ्याचा वर जातो, आणि ऐकणाऱ्याच्या छातीला गाणं बदललेलं तिथेच कळतं.

एमपी३मध्ये मात्र तुकडे करू नका. एन्कोडर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, आणि सलग सेटमध्ये प्रत्येक जोडावर बारीकशी फट ऐकू येते. फ्लॅक किंवा वेव्ह ठेवा, नाहीतर फाइल एकच ठेवून सोबत क्यू शीट, म्हणजे कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची यादी, द्या. सीडीवर उतरवायचं असेल तर कट सीडीच्या फ्रेमवर पडला पाहिजे. एका सेकंदात ७५ फ्रेम, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला दर ५८८ सॅम्पलला एक. फ्रेमच्या मधे कापलं तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि टिक वाजते.

प्रत्येक डेक वेगळ्या ट्रॅकवर

इथे पहिला मोह होतो तो टर्नटेबल थेट कार्डात लावायचा. टेक्निक्स एसएल-१२००मध्ये प्रीअँप नसतो. सुईकडून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्टचा असतो, आणि रेकॉर्ड कापताना बेस दाबून ट्रेबल वाढवलेला असतो, दोन्ही टोकांना जवळपास २० डेसिबलने. फोनो प्रीअँप हे सगळं उलटं करतो. तो मधे नसेल तर पत्र्यासारखा किरकिरा आवाज मिळेल. म्हणून प्रत्येक डेकला वेगळा फोनो प्रीअँप घ्या आणि त्याच्या पुढे वाय-वायरने सिग्नल फोडा: एक फांदी मिक्सरच्या लाइन इनपुटला, दुसरी कार्डाला. प्रीअँपच्या आधी फोडू नका. सुईला ४७ किलोओहमचा भार लागतो. दोन इनपुट जोडले की तो निम्म्यावर येतो आणि वरच्या पट्टीचा आवाज बदलतो.

दोन स्टिरिओ डेक म्हणजे चार इनपुट, आणि ते एकाच कार्डावर हवेत. बेरिंगरच्या यूएमसी४०४एचडीसारखं चार इनपुटचं कार्ड त्यासाठी पुरतं. आरसीएच्या जागी पाव इंची जॅक लागतील एवढंच. दोन स्वस्त कार्डं एकत्र लावून काम भागेल असं वाटतं, पण प्रत्येक कार्डाचं घड्याळ वेगळं चालतं. दहा लाखांत फक्त ५० इतका फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंद जातात. १२८ बीपीएमचा एक बीट ०.४७ सेकंदाचा, म्हणजे सेटच्या शेवटी दोन डेक एकमेकांपासून बीटच्या एक तृतीयांशाहून जास्त सरकलेले असतात. हातानं जुळवलेली बीट रेकॉर्डिंगमध्ये अशी वाया जाते.

या पद्धतीची खरी किंमत वेगळीच आहे. प्रीअँपमधून घेतलेल्या ट्रॅकवर फेडर नाही, इक्यू नाही, तुमचं मिक्सच नाही. आहेत ती फक्त दोन रेकॉर्ड, पिच बदललेली आणि मागेपुढे ढकललेली. मिक्स पुन्हा कॉम्प्युटरवर माउसने करावं लागतं. म्हणून असं रेकॉर्डिंग करताना रेक आउटची जोडीही त्याच वेळी घ्या, म्हणजे एकूण सहा इनपुट. त्या हिशेबाने यूएमसी४०४एचडीही अपुरं पडतं.

यूएसबी असलेला मिक्सर

मिक्सर बदलायचाच असेल तर मधला मार्ग हाच सर्वांत चांगला. पायोनियर डीजेच्या डीजेएम-९००एनएक्सएस२मध्ये साऊंड कार्ड आतच आहे, आणि यूएसबीच्या कोणत्या जोडीवर काय पाठवायचं ते सेटिंगच्या छोट्या प्रोग्रॅममधून निवडता येतं: चॅनल फेडरनंतरचा सिग्नल, क्रॉसफेडरची (दोन डेकमध्ये आडवा सरकणाऱ्या फेडरची) ए किंवा बी बाजू, रेक आउट. रीपर किंवा एबलटन लाइव्ह अशा रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये तेवढे ट्रॅक आर्म करायचे, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवायचे, झालं. प्रीअँप नको, वाय-वायर नको, घड्याळही एकच.

स्क्रॅच करणाऱ्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून निवड करावी. चर्प किंवा फ्लेअर अशा स्क्रॅचमध्ये अर्धं काम रेकॉर्डवरचा हात करतो आणि अर्धं क्रॉसफेडरवरचा. चॅनल फेडरनंतरचा सिग्नल घेतलात तर क्रॉसफेडरचे कट रेकॉर्डच होत नाहीत. रेकॉर्ड पुढे-मागे ओढल्याचा सलग घसरा तेवढा उरतो. स्क्रॅचसाठी क्रॉसफेडरच्या ए आणि बी बाजू निवडा, मग कटासकट दोन्ही डेक वेगळे मिळतात. लांब मिक्स फक्त वरच्या फेडरवर करत असाल तर चॅनल फेडरनंतरचंच घ्या.

टाइमकोड रेकॉर्ड (ज्यांनी लॅपटॉपमधली गाणी टर्नटेबलवरून चालवतात) वापरणाऱ्यांनी फोनो इनपुटचा कच्चा सिग्नल चुकूनही निवडू नये. सेराटो या डीजे प्रोग्रॅमच्या रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा कंट्रोल टोन असतो. तासभर तीच शिट्टी रेकॉर्ड होईल.

कोणाच्या गाण्यासाठी आठ-सोळा बारांचं स्क्रॅच हवं असेल तर वरच्यापैकी काहीच लागत नाही. गाणं हेडफोनवर वाजवा, एकच डेक रेक आउटमधून दोन इनपुटच्या कार्डावर घ्या, मनासारखं होईपर्यंत टेक घेत राहा. स्टुडिओच्या कामाला मी हेच सुचवतो.

कोणत्याही पद्धतीत गुणगुण ऐकू आली तर टर्नटेबलची बारीक अर्थची वायर मिक्सरच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली घट्ट आहे का ते आधी बघा. ती असूनही आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष ग्राउंड लूपचा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका, त्यात जिवाला धोका आहे. रेक आउट आणि कार्ड यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला की काम होतं.

आणि कार्ड घ्यायला दुकानात जाण्याआधी हातातल्या मिक्सरचं मॅन्युअल काढून यूएसबीचं पान वाचा. रेक आउट यूएसबीवर जातं असं तिथे लिहिलं असेल, तर स्टिरिओ सेटसाठी वेगळं कार्ड घ्यायची गरजच नाही.