नागपुरातला सीएनजी: काटा २००वर, टाकीत किलो किती?

नागपुरात सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांची उन्हाळ्यातली ठरलेली तक्रार म्हणजे ‘टाकी ६० लिटरची, मग साडेसात किलोच कसा बसला?’ पंपवाल्याने गॅस मारला, असा संशय लगेच येतो. बहुतेक वेळा तो खोटा असतो. ६० लिटर म्हणजे टाकीत मावेल इतकं पाणी. १५ अंशांना २०० बार दाबाने तिच्यात साधारण १० किलो मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, बसतो. मेअखेरच्या नवतप्यात बाहेर ४५ अंश असतात, त्यात झपाट्याने दाब चढताना गॅस आणखी तापतो. आतलं तापमान ६५ अंशांच्या आसपास गेलं की त्याच २०० बारला साडेसात-पावणेआठ किलोवर काम संपतं. मीटर वजन मोजतं, त्यामुळे पैसे दिले तेवढा गॅस मिळालेला असतो. फटका बसतो तो पल्ल्याला. रात्री गाडी निवली की काटा १७०च्या जवळ उतरतो, तीही गळती नव्हे. मे महिन्यात पहाटे भरणं हाच उपाय; दुपारी दोनला रांगेत उभं राहून वर कमी गॅस घेण्यात काही अर्थ नाही.

गॅसच्या दर्जाबद्दल मात्र चांगलंच लिहावं लागेल. शहरात सीएनजी आला तो पाइपलाइनशिवाय: गुजरातच्या टर्मिनलवरून उणे १६२ अंशांचा द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजी, टँकरने आणायचा, पंपावरच्या निर्वात आवरणाच्या टाकीत उतरवायचा, अतिथंड द्रवासाठीच्या क्रायोजेनिक पंपाने द्रव असतानाच दाब चढवायचा आणि पंख्यांसारख्या पात्यांच्या अॅल्युमिनियम नळ्यांतून बाहेरच्या हवेच्या उष्णतेवर त्याची वाफ करायची. एलएनजीला वास नसतो, म्हणून गंधद्रव्य इथेच मिसळतात. हा गॅस कोरडा असतो आणि त्यात कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या यंत्राचं, तेल येत नाही. कॉम्प्रेसरवरच्या पंपावर तेल गाळणारा फिल्टर थकला की ते तेल गाडीतल्या दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरमध्ये साचतं, इंजेक्टर चिकटतात, सकाळी इंजिन गॅसवर जायला अडखळतं. टँकरच्या गॅसवर हा त्रास कमी.

भरवशात मात्र हीच पद्धत मार खाते. टाकीतला एलएनजी उष्णता शोषून सतत थोडाथोडा उकळत असतो. पातळी खाली गेली किंवा द्रव कोमट झाला की क्रायोजेनिक पंपाच्या तोंडाशी वाफ होते आणि पंप रिकामा फिरतो. मग तो पुन्हा थंड करून सुरू करावा लागतो. ‘मशीन बंद आहे, थांबा’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. टँकर वाटेत अडकला तर थांबूनही उपयोग नाही.

साठ्याच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पंपाची खोड वेगळी. तिथे कमी, मध्यम आणि जास्त दाबाच्या सिलिंडरांच्या तीन रांगांतून गाडी क्रमाने भरली जाते. पुढे एखादी सीएनजी बस भरून गेली की जास्त दाबाची रांग ढासळते आणि मागच्या कारला १५०-१६० बारवर समाधान मानावं लागतं. नळी लावण्याआधी पंपाचा दाब पाहावा. १८०च्या खाली असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबणं परवडतं. नळी जोडताना सुर्रर्र आवाज टिकून राहिला तर जोडावरची ओ-रिंग, म्हणजे गॅस अडवणारं रबरी कडं, कापली गेलीय असं समजावं. किरकोळ वस्तू, पण तशीच भरत राहू नये.

दराचं दुखणं जुनं. मार्च २०२२मध्ये युक्रेन युद्धाच्या झळीने इथला दर किलोला १२० रुपयांवर गेला, तेव्हा मुंबईत ६६ होता. मुंबईला सरकारी वाटपातला स्वस्त देशी गॅस मिळत होता, नागपूर आयातीच्या बाजारभावावर आणि टँकरच्या भाड्यावर चालत होतं. एप्रिल २०२२पासून राज्याने व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तरी मूळ खरेदीच महाग असेल तर कर किती वाचवणार? गेल या सरकारी कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा पाइपलाइन टँकरचं भाडं वाचवते. गॅसचा भाव ती ठरवत नाही. २०२४च्या अखेरीस शहरी वितरणाच्या देशी गॅसच्या वाट्यालाही कात्री लागली. म्हणून ‘पाइप आला की स्वस्ताई’ या आशेवर किट बसवू नये.

हिशेब असा करावा. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला १८ किमी धरली, तर किमीला ५.८३ रुपये. गॅसवर किलोला २५ किमी धरले, तर ९० रुपये दराने ३.६० आणि १२० रुपये दराने ४.८०. ५५ हजारांचं किट पहिल्या दरात सुमारे २५ हजार किमीत फिटतं, दुसऱ्या दरात ५३ हजारांहून जास्त लागतात. रिक्षा-टॅक्सीला दोन्ही चालतं. महिन्याला ६०० किमी चालणाऱ्या घरच्या गाडीला दुसरा दर म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ, आणि तोवर टाकीची दोनदा हायड्रो-टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी.

ही टेस्ट दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. गाडीवरच्या टेस्टच्या प्लेटवरची तारीख उलटली की पंपाने गॅस नाकारणं योग्यच. देशभरातल्या अशा टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेचं, मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे, आणि तरीही मुदत संपलेल्या प्लेटा रांगेत दिसतात. जुनी गाडी घेताना प्लेटवरचा टाकीचा क्रमांक डिकीतल्या टाकीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. जुळत नसेल तर प्लेट दुसऱ्याच टाकीची आहे.