उंदराचा पिंजरा की चाप? आठ महिन्यांच्या वापरानंतर

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पावसाळा धरून आठ महिने. वापरात होते तारेचा पिंजरा, लाकडी चाप, दातेरी जबड्याचा प्लास्टिकचा चाप आणि गोंदाचा पुठ्ठा. उंदीर घरातले छोटे, घुशी नव्हेत. निकाल आधीच सांगायचा तर पहिला नंबर लाकडी चापाचा, आणि तोही सगळ्यात स्वस्त.

पिंजऱ्याबद्दल तक्रारी फार ऐकू येतात, पण दोष बहुधा मापाचा असतो. दुकानात समोर टांगलेला पिंजरा मोठ्या उंदरासाठी बनवलेला असतो. घेताना दोन तारांमधून पेन्सिल घालून बघा. आरपार गेली, तर छोटा उंदीर, निदान त्याचं पिल्लू, खाऊनपिऊन त्याच फटीतून बाहेर पडणार. सकाळी दार पडलेलं, भजं गायब आणि पिंजरा रिकामा, यात भुताटकी काही नाही. बाहेरून डासांची धातूची जाळी बारीक तारेने बांधली की हा प्रश्न संपतो.

दुसरी अडचण खटक्याची. आतला आकडा ओढला की वरची दांडी सरकते आणि दार पडतं. नव्या पिंजऱ्यात ही दांडी दाराच्या कडीत चांगली पाचसहा मिलिमीटर अडकलेली असते. उंदराचं वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. तो ओढत नाही, कुरतडतो. दांडीचं टोक कानशीने घासून पकड एक-दोन मिलिमीटरवर आणा. पेन्सिलच्या टोकाने आकडा जरासा हलवल्यावर दार पडलं पाहिजे. कडक झालेली पोळी आकड्यावर लावू नका, ती मोडून खाली पडते आणि उंदीर आकड्याला हातही न लावता जेवतो. सुक्या खोबऱ्याला भोक पाडून ते दोऱ्याने घट्ट बांधलं, की ओढल्याशिवाय सुटत नाही.

लाकडी चापाला आमिष फार लागत नाही. एक चमचा शेंगदाण्याचं कूट, अर्धा चमचा गूळ, दोन थेंब तेल; मळून गोळा केला की आठ चाप होतात. प्रत्येकी हरभऱ्याएवढंच, आणि खटक्याच्या पत्र्याला दाबून चोळायचं. लिंबाएवढा गोळा ठेवला तर उंदीर कडेकडेने खाऊन जातो. विणीच्या दिवसांत कापसाचा बोळा दोऱ्याने बांधला तरी चालतो, घरट्यासाठी तो ओढायला उंदीर येतोच.

चाप ठेवायचा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला टेकवून. खोलीच्या मधोमध ठेवलेला चाप म्हणजे शोभेची वस्तू, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत पळतो. लेंड्या आणि भिंतीच्या तळाशी तेलकट काळपट पट्टा दिसेल तीच त्याची वाट. सिलिंडरमागे, सिंकखालच्या कपाटात, फ्रिजच्या मोटरजवळ. दोन-दोन मीटरवर एक. घरातला उंदीर बिळापासून फार लांब जात नाही, म्हणून एकच चाप आठवडाभर ठेवण्यापेक्षा सहा चाप तीन रात्री ठेवलेले बरे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी तीन-चार दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवावं लागतं. छोट्याला ते लागत नाही, तो उलट बघायलाच येतो.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पिनेचा खिळा सैल होतो, तो पुन्हा ठोकून घ्या. स्प्रिंगला खोबरेल तेलाचा थेंब. प्लास्टिकचा चाप ताणायला सोपा, बोटं वाचतात, पण पाचव्या महिन्यात एकाचा जबडा ढिला पडला. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर चाप नकोच, पिंजराच बरा.

गोंदाचा पुठ्ठा एकदा वापरून बंद. उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो, पालीही चिकटतात, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2011 आणि 2020 मध्ये याविरुद्ध सूचनाही काढल्या आहेत. विषाचा उंदीर माळ्यावर मरतो आणि मग आठवडाभर वास शोधत बसावं लागतं. प्लगमध्ये लावायच्या, आवाजाने उंदीर पळवायच्या यंत्राचे पैसे वाचवा.

शेंगदाण्याला कुणी तोंडच लावत नसेल आणि रात्री भिंतीकडेने चिकचिक ऐकू येत असेल, तर ती चिचुंद्री. लांब सोंड, उग्र वास. ती किडे खाते. पिंजऱ्यात सुका बोंबील लावा.

पकडत राहून उपयोग तेव्हाच, जेव्हा भोकं बुजतात. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाचसहा पिल्लं होतात. सहा मिलिमीटरची फट त्यांना पुरते. गॅसच्या नळीचं भोक, एसीच्या पाइपाभोवतीची जागा, वॉशिंग मशीनचं पाणी जातं ती मोरीची जाळी, या तीन जागा आधी बघा. भांडी घासायची स्टीलची तार कोंबून वरून सिमेंट. नुसतं थर्माकोल किंवा कापड भरलं तर एका रात्रीत कुरतडलं जातं.

पिंजरा सकाळ-संध्याकाळ बघा, आत अडकलेला उंदीर पाण्यावाचून मरतो. पन्नास पावलांवर सोडलेला परत येतो. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचचं पाणी, एकास दहा, शिंपडून पाच मिनिटं थांबा, हातमोजे घाला आणि कागदाने टिपून घ्या.