रिग्रेशनसाठी कोणती पद्धत: साधी, चिवट की आवळलेली?

रिग्रेशन म्हणजे एका राशीवर (वाय) बाकीच्या चलांचा (एक्स) किती परिणाम होतो हे सांगणारी रेषा डेटावर बसवणं. डेटा साफ करून झालाय, कशाचा कशावर परिणाम बघायचाय तेही ठरलंय, आता गाडी अडलीय ती पद्धतीपाशी. सॉफ्टवेअर न्यूनतम वर्ग (रेषेपासून नोंदींच्या अंतरांच्या, म्हणजे चुकांच्या, वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी साधी पद्धत), ह्यूबर, मध्यक-रिग्रेशन, रिज, लासो असं सगळं ताट वाढून ठेवतं. बहुतेक जण दोन-चार चालवून बघतात आणि ज्याचा आर-वर्ग, म्हणजे वायच्या चढउतारातला मॉडेलने समजावलेला वाटा, जास्त ते उचलतात. चल वाढवले की आर-वर्ग वाढतोच, आणि त्याच डेटावर तो सर्वांत जास्त मिळवणं हेच तर न्यूनतम वर्गाचं काम आहे. तेव्हा या शर्यतीचा निकाल शर्यतीआधीच ठरलेला असतो.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तुम्हाला एखाद्या चलाचा सहगुणक (तो चल एक युनिट वाढला की वाय किती बदलतो) हवाय, तो किती आणि किती खात्रीने, की नव्या नोंदीचं भाकीत हवंय? पहिल्या कामात सहगुणकाइतकीच त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो अंदाज नमुन्यागणिक किती हलतो ते, महत्त्वाची. दुसऱ्यात सहगुणक थोडा चुकीचा असला तरी चालतं, भाकीत जवळपास आलं की झालं. पद्धतींमधले बहुतेक वाद मुळात हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात.

न्यूनतम वर्ग: जुनी, आणि उगाच बदनाम

लजांद्र यांनी १८०५ मध्ये ही पद्धत छापली. १८०९ मध्ये गाउस यांनी आपण ती १७९५ पासून वापरतोय असं लिहून टाकलं, आणि श्रेयाचा वाद पेटला. पद्धत मात्र दोघांनाही पुरून उरली.

तिच्यामागचा आधार म्हणजे गाउस-मार्कोव्ह प्रमेय. चुकांची सरासरी शून्य, सगळ्यांचा पसारा सारखा आणि चुकांचा एकमेकींशी संबंध नाही, एवढं असेल तर रेषीय आणि बायस (एकाच बाजूला झुकणं) नसलेल्या सगळ्या अंदाजकांमध्ये, म्हणजे सहगुणक काढायच्या रीतींमध्ये, न्यूनतम वर्गाचा व्हेरियन्स (अंदाजाची चलबिचल) सर्वांत कमी. यात 'नॉर्मल वितरण' हा शब्द कुठेच नाही. तरीही 'माझा वाय नॉर्मल नाही, मग रिग्रेशन कसं करू?' हा प्रश्न काही थांबत नाही. नॉर्मल असण्याची अट वायवर कधीच नव्हती. चुका नॉर्मल असणं लागतं ते थोड्या नोंदींमध्ये टी-चाचणी काटेकोर बसावी म्हणून. नोंदी भरपूर असतील आणि चुकांच्या शेपट्या अगदीच अवाढव्य नसतील, तर केंद्रीय सीमा प्रमेय (पुष्कळ नोंदींची सरासरी नॉर्मलच्या जवळ जाते) ते काम सांभाळून घेतं.

प्रमेयाच्या वाक्यात दोन फटी आहेत. 'रेषीय' ही अट सोडली तर चिवट (रोबस्ट, म्हणजे एखाद्या वेड्या आकड्याला न बधणाऱ्या) पद्धती पुढे येतात, 'बायस नसलेल्या' ही सोडली तर सहगुणक शून्याकडे आवळणाऱ्या रिज आणि लासो. म्हणजे बाकीचे सगळे स्पर्धक या दोन दारांतूनच आत आलेत.

पसारा सारखा नसेल तर: अंदाज बदला की स्टँडर्ड एरर?

समजा एक्स वाढतो तशा चुकाही फाकत जातात. आलेख नरसाळ्यासारखा दिसतो. इथे पुष्कळ जण पद्धतच बदलायला धावतात. खरं तर न्यूनतम वर्गाच्या सहगुणकात यामुळे बायस येत नाही. बिघडते ती स्टँडर्ड एरर, आणि तिच्यामागोमाग पी-व्हॅल्यू (परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा यायची शक्यता) आणि विश्वास-अंतराल (खरा सहगुणक असू शकेल असा पट्टा).

एक उपाय म्हणजे भारित न्यूनतम वर्ग: ज्या नोंदीत गोंधळ जास्त तिला वजन कमी. वजनं खरोखर माहीत असतील तर हाच उत्तम. उदाहरणार्थ, तुमची एक नोंद ५ मापांची सरासरी असेल आणि दुसरी ५०० मापांची, तर वजनं समोरच आहेत. माहीत नसतील तर ती डेटावरूनच अंदाजावी लागतात, आणि मग एका अंदाजावर दुसरा रचला जातो.

दुसरा उपाय म्हणजे सहगुणक तोच ठेवून फक्त स्टँडर्ड एरर दुरुस्त करणं. हॅल्बर्ट व्हाइट यांच्या १९८० च्या लेखानंतर ही दुरुस्ती सर्वत्र पसरली. सूत्राच्या आकारावरून तिला 'सँडविच' म्हणतात. नोंदी थोड्या, म्हणजे साधारण २५० च्या आत असतील, तर तिचा एचसी-३ हा प्रकार घ्या. मूळ सूत्र अशा वेळी फार आशावादी निघतं. माझा कल उघडपणे या दुसऱ्या उपायाकडे आहे. वजनं ठाऊक नसताना ती अंदाजत बसण्यापेक्षा आपल्याला किती कळलंय हे प्रामाणिकपणे सांगणं बरं. लॉगरिदम घेणं हा तिसरा मार्ग म्हणून सुचवला जातो, पण त्याने प्रश्नच बदलतो: 'किती युनिटने वाढ' याऐवजी 'किती टक्क्यांनी वाढ'. तो प्रश्न तुमचा असेल तरच घ्या.

एक वेडा आकडा, आणि दोन रेषा

आता चिवट पद्धती. कागद-पेन्सिल घ्या. एक्स १ ते ५, आणि वाय अनुक्रमे २, ४, ६, ८, १०. रेषेचा चढ, म्हणजे एक्सचा सहगुणक, अर्थातच २. शेवटचा १० टंकताना १०० झाला. न्यूनतम वर्गाचा चढ थेट २० वर जातो. एका शून्याने उत्तर दहापट. चुकांच्या वर्गांऐवजी त्यांच्या निव्वळ मूल्यांची बेरीज कमीत कमी करणारी रेषा, म्हणजेच मध्यक-रिग्रेशन, जागची हलत नाही. तिचा चढ २ च राहतो. ही कल्पना न्यूनतम वर्गाहूनही जुनी, बॉस्कोविच यांनी ती १७५७ मध्येच मांडली होती. गणित हाताने करायला किचकट, म्हणून ती मागे पडली.

इतकी चिवट असेल तर नेहमी तीच का नको? कारण फुकट काही मिळत नाही. चुका खरोखर नॉर्मल असतील तर मध्यकाची कार्यक्षमता सुमारे ६४ टक्केच भरते. म्हणजे १०० नोंदी गोळा करून तुम्ही न्यूनतम वर्गाच्या ६४ नोंदींइतकंच शिकता. पीटर ह्यूबर यांनी १९६४ मध्ये मधला रस्ता काढला: छोट्या चुकांचा वर्ग घ्यायचा, ठरावीक मर्यादेपुढे निव्वळ मूल्य. मर्यादा चुकांच्या पसाऱ्याच्या १.३४५ पट ठेवली तर नॉर्मल परिस्थितीत ९५ टक्के कार्यक्षमता हाती राहते. विमा म्हणून ५ टक्के हप्ता काही जास्त नाही.

पण आता तीच चूक वायऐवजी एक्समध्ये करून बघा. शेवटची नोंद (५, १०) ऐवजी (५०, १०) झाली. न्यूनतम वर्गाचा चढ ०.११ वर कोसळतो. आणि मध्यकाचा? ०.१२५. तोही गेलाच! दूरच्या एक्सला रेषेवर एवढी तरफ मिळते की निव्वळ मूल्यांची बेरीजही तिच्याच बाजूने झुकते. ह्यूबरची पद्धतही इथे वाचवत नाही. अशा वेळी रूसो यांच्या १९८४ च्या वाटेने जाणाऱ्या, छाटलेल्या वर्गांसारख्या (सर्वांत मोठ्या चुका गाळून बाकीच्यांच्याच वर्गांची बेरीज घेणाऱ्या) पद्धती लागतात. त्या जवळजवळ निम्मा डेटा खराब असला तरी तग धरतात. 'रोबस्ट' असं लेबल दिसलं की निर्धास्त होणाऱ्यांनी हे पाच बिंदू एकदा स्वतः काढून बघावेत.

एक गोष्ट मात्र कोणतीच पद्धत सांगणार नाही: तो लांबचा बिंदू चूक आहे की तुमच्या डेटातली सर्वांत महत्त्वाची नोंद. ते मूळ कागद उघडूनच कळतं.

रिज आणि लासो: कोण काय आवळतं

दोन चल एकमेकांना चिकटून चालत असतील तर न्यूनतम वर्गाला त्यांचा हिस्सा वेगळा करता येत नाही. एखादा चल बाकीच्यांवरून ०.९ आर-वर्गाने सांगता येत असेल, तर त्याच्या सहगुणकाचा व्हेरियन्स १० पट फुगतो आणि स्टँडर्ड एरर ३ पटींहून जास्त. त्यावर हॉर्ल आणि केनार्ड यांनी १९७० मध्ये रिज सुचवली: सहगुणकांच्या वर्गांवर दंड लावायचा. टिबशिरानी यांची १९९६ ची लासो हाच दंड निव्वळ मूल्यांवर लावते.

फरक आकड्यांत पाहू. चल प्रमाणित केलेले (एकाच मोजपट्टीवर आणलेले) आहेत, एकमेकांशी निगडित नाहीत, आणि न्यूनतम वर्गाचे सहगुणक आले ३, ०.८ आणि ०.२. रिजचा लॅम्डा (दंडाचा जोर) १ घेतला तर सगळेच निम्मे: १.५, ०.४, ०.१. लासोने ०.५ ची कात्री लावली तर २.५, ०.३ आणि शून्य. रिज सगळ्यांकडून प्रमाणात वसूल करते, मोठ्याचं सर्वांत जास्त जातं. लासो सगळ्यांकडून सारखीच रक्कम घेते, ज्याच्याकडे तेवढी नाही तो बाद.

म्हणून भाकितासाठी, आणि थोडाथोडा परिणाम असलेले पुष्कळ चल असतील तर, रिज. पुष्कळ चलांपैकी मोजकेच कामाचे असतील असं मानायला जागा असेल तर लासो. चिकटलेल्या चलांच्या जोडीत लासो बहुधा एकाला ठेवते आणि दुसऱ्याला हाकलते, आणि नमुना थोडा बदलला की नेमकं उलटं. ठेवला तो 'महत्त्वाचा' असं अहवालात लिहिलं की फसगत झालीच. दोन्ही दंडांचं मिश्रण असलेली झोऊ आणि हेस्टी यांची २००५ ची इलॅस्टिक नेट अशा जोडीला बरोबर ठेवते. कोणतीही घ्या, आधी चल प्रमाणित करा, नाहीतर सेंटिमीटरचं मीटर केल्याने उत्तर बदलेल. न्यूनतम वर्गाच्या भाकितात असं होत नाही.

चल एकमेकांना चिकटलेले असले म्हणजे रिज घ्यायलाच हवी असंही नाही. तुम्हाला ज्या चलाचा सहगुणक हवाय तो स्वतः मोकळा असेल आणि फक्त नियंत्रणासाठी घेतलेले चल आपापसांत चिकटलेले असतील, तर बिनघोर न्यूनतम वर्ग वापरा.

लासोनंतर पी-व्हॅल्यू?

सर्वांत जास्त गफलत इथेच होते. लासोने ५० पैकी ८ चल निवडले, मग त्याच डेटावर त्या ८ वर साधं रिग्रेशन चालवलं आणि पी-व्हॅल्यू छापल्या. दिसायला चोख. डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ मध्ये याच्या जुन्या भावंडाचं पितळ उघडं पाडलं होतं. १०० नोंदी, ५० चल, सगळे निव्वळ यादृच्छिक आकडे. पहिल्या फेरीत २५ टक्क्यांच्या पातळीत बसलेले १५ चल ठेवून पुन्हा रिग्रेशन केलं, तर त्यातले ६ चल ५ टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय ठरले. योगायोगाने एखादा यायला हवा होता. निवडीला आणि चाचणीला तोच डेटा वापरला की असं होतं.

बूटस्ट्रॅप (डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजणं) करून सुटका होईल असं वाटतं, पण खरे सहगुणक शून्य असलेले चल मॉडेलमध्ये असतील तर लासोवर साधा बूटस्ट्रॅप विश्वासार्ह ठरत नाही. रिजचा अंतरालही चुकीच्या जागी मध्य धरून बसलेला असतो. बायस मुद्दाम आणलेला आहे, आणि तो किती हे खऱ्या सहगुणकावर ठरतं, जो आपल्याला ठाऊक नाही.

मग काय करायचं? डेटा पुरेसा असेल तर दोन भाग करा: एकावर निवड, दुसऱ्यावर न्यूनतम वर्ग आणि सँडविच एरर. एकाच चलाचा परिणाम हवा असेल आणि नियंत्रणाचे चल ढिगाने असतील, तर बेलोनी, चेर्नोझुकोव्ह आणि हॅन्सन यांची २०१४ ची दुहेरी निवड बघा. लासो दोनदा चालवायची, एकदा वायसाठी, एकदा तुमच्या मुख्य चलासाठी, आणि दोन्हींपैकी कोणत्याही एकात आलेले सगळे चल मुख्य चलासोबत शेवटच्या न्यूनतम वर्गात ठेवायचे. चल नोंदींच्या मानाने थोडे असतील तर यातलं काहीच नको. सगळे चल आधीच ठरवून मॉडेलमध्ये घाला, पी-व्हॅल्यू बघून एकही काढू नका, आणि जोडीला ह्यूबरचा सहगुणक काढून शेजारी लिहा. दोन्ही जवळपास आले तर न्यूनतम वर्गाचाच आकडा द्या. लांब गेले तर आलेख काढा आणि कोणता बिंदू रेषेला ओढतोय ते शोधा.