सोलर बसवणाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर: काही महिने रोज वापरल्यानंतर

चौकशी, सर्व्हे, कोटेशन, मटेरियल, फिटिंग, मीटरची मंजुरी आणि नंतरची सर्व्हिस हे सगळं एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे काही महिने रोज वापरात आहे. डेमोत भाव खाऊन जातं ते कोटेशन. पण खरा कस लागतो तो कोटेशन मंजूर झाल्यावर डिझाइन बदलतं तेव्हा, आणि ते बदलतंच.

समजा 10 पॅनल एकाच ओळीत, उभे, खाली आधाराच्या दोन रेल (लांब पट्ट्या). दोन पॅनलच्या मधले मिड क्लॅम्प (पकड) 18, ओळीच्या टोकांचे एंड क्लॅम्प 4. मध्ये पाण्याची टाकी आडवी आली आणि पाच-पाचच्या दोन ओळी कराव्या लागल्या, की मिड 16 आणि एंड 8. पॅनल तेवढेच, तरी एंड क्लॅम्प दुप्पट. सॉफ्टवेअर फक्त पॅनलच्या संख्येवरून हिशेब करत असेल तर चार क्लॅम्पसाठी अख्खी टीम छतावर खोळंबते. आमचं सॉफ्टवेअर ओळीप्रमाणे मोजतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र एकदा काढलेली मटेरियलची यादी आपोआप बदलत नाही, ती पुन्हा काढावी लागते. म्हणून माल स्टोअरमधून निघण्याआधी यादीचा आणि डिझाइनचा आवृत्ती क्रमांक जुळवून बघायचाच. दोन ओळींमधली जास्तीची डीसी केबलही हातानेच भरावी लागते.

स्ट्रिंगची, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या साखळीची, तपासणी नीट करून घ्या. 49.5 व्होल्ट ओपन सर्किट व्होल्टेजचे (पॅनलला काही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज) 12 पॅनल म्हणजे 594 व्होल्ट. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा 600 असेल तर कागदावर बसतं. पण तो आकडा 25 अंश तापमानाचा असतो, आणि पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतं. तापमान गुणांक अंशाला उणे 0.27 टक्के धरला तर 5 अंशांच्या पहाटे तीच स्ट्रिंग 626 च्या आसपास जाते आणि इन्व्हर्टर खराब होऊ शकतो. चाचणीच्या काळात हेच आकडे टाका. साइटचं किमान तापमान न विचारता हिरवी खूण दाखवणारं सॉफ्टवेअर डिझाइनसाठी घेऊ नये.

मोबाइल ॲप रेंज नसताना चालतं, नंतर सिंक होतं. फोटो मात्र इतके दाबून साठवतं की लेबलवरचा सिरीयल नंबर वाचता येत नाही, त्यामुळे बारकोड स्कॅनच करावा. तोही पॅनल रेलवर चढवण्याआधी, कारण मागचं लेबल नंतर हाताला लागत नाही आणि वॉरंटीच्या वेळी नेमका तोच नंबर मागतात.

कामाचे टप्पे आपल्याला हवे तसे बदलता येतात. 'आपल्याकडे प्रलंबित' आणि 'मंजुरीसाठी बाहेर' हे दोन टप्पे वेगळे ठेवले, की अडकलेलं काम कोणाकडे आहे ते लगेच कळतं. हप्त्यांची बिलंही टप्प्यांना जोडता येतात. ते चोख चालतं.

सॉफ्टवेअरचा दर माणशी लॉगिनप्रमाणे आहे. फिटरना फक्त फोटो आणि स्कॅनपुरतं लॉगिन वेगळ्या दरात मिळतं का, हे आधी विचारा. आणि पैसे भरण्याआधी एका पूर्ण झालेल्या कामाचा सगळा डेटा बाहेर काढून बघा. आमच्याकडे ग्राहक आणि बिलं सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) सरळ येतात, पण फोटो एकेका कामातून वेगळे उतरवावे लागतात आणि सिरीयल नंबरांच्या तक्त्यात ग्राहकाचं नाव नसतं, नुसता काम क्रमांक असतो. ग्राहकांचा आणि सिरीयल नंबरांचा असे दोन्ही तक्ते त्या क्रमांकावरून जोडून दर महिन्याला बाजूला ठेवणं भाग आहे.